वनौषधी पूरके : सुरक्षितता आणि गुणवत्ता नियंत्रण

आहाराला जोड म्हणून घेतली जाणारी वनस्पतींची चूर्णे, रस, अर्क व गोळ्या. कायद्याच्या दृष्टीने या उत्पादनांचे दोन वर्ग पडतात. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना असेल, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 लागू होतो. आहारपूरक म्हणून असेल, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 आणि त्याखालील नियम लागू होतात. दुसऱ्या वर्गाच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. एकच वनस्पती दोन्ही वर्गांत विकली जाते; म्हणून डबीवर परवाना कोणता आहे, हे आधी पाहावे.

वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी, हा समज नांदेड जिल्ह्यातील भोकर ते किनवट या पट्ट्यात तरी टिकू नये. इथे बिब्बा घरोघरी ठाऊक आहे. त्याची गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात पडते, पण टरफलातले काळे तेल कातडीला लागले की बिब्बा उततो, फोड येतात. म्हणून फोडताना हाताला तेल चोळतात. औषधासाठी घेताना बिब्ब्याचे देठ कापून तो गोणपाटात विटेच्या चुऱ्याबरोबर घासतात. चुरा तेल शोषतो, मग फळे गरम पाण्याने धुतात. या शोधनाशिवाय तो पोटात घेणे धोक्याचे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील ‘ई-1’ अनुसूचीतील विषारी द्रव्यांत वत्सनाभ, धोतरा, गुंज यांच्याबरोबर भल्लातक, म्हणजे बिब्बाही आहे. अशी द्रव्ये असलेले पोटात घ्यायचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, असा इशारा वेष्टनावर द्यावा लागतो.

वनस्पतीची ओळख चुकली, तर पुढची शुद्धता व्यर्थ जाते. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मधील सहा रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध गुळवेलीच्या सेवनाशी जोडला. अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला व तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे लक्ष वेधले. त्या वेलीच्या खोडावर पुष्कळ गाठी असतात व तोडल्यावर दुधासारखा चीक येतो; खऱ्या गुळवेलीला तो येत नाही. दोष खऱ्या गुळवेलीचा असो वा त्या दुसऱ्या वेलीचा, आधीपासून यकृताचा आजार असलेल्याने गुळवेल डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, हे दोन्ही शक्यतांत खरे राहते.

आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यातील स्वच्छता, कच्च्या मालाची तपासणी व नोंदी यांचे नियम त्याच कायद्याखालील ‘टी’ अनुसूचीत आहेत. वनस्पतिजन्य आयुर्वेदिक औषधांत दर दहा लाख भागांत शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 भागांपेक्षा जास्त चालत नाही. महाराष्ट्रात तपासणीसाठी नमुने उचलण्याचे काम अन्न व औषध प्रशासन करते. नमुना नापास झाला, तर बॅच क्रमांकावरून तो माल बाजारातून परत मागवता येतो. आठवडी बाजारात कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या चूर्णाला ना परवाना, ना बॅच क्रमांक; ते बाधले तर शोध विक्रेत्यापाशीच खुंटतो.