कुत्रा तिथेच राहिला

१८ जुलै १५७३. व्हेनिसचा चित्रकार पाओलो व्हेरोनेझे इन्क्विझिशनपुढे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयापुढे, उभा होता. एका मठाच्या भोजनगृहासाठी त्याने येशूचं शेवटचं भोजन तैलरंगात रंगवलं होतं. कॅनव्हास जवळपास १३ मीटर रुंद! एवढी जागा मिळाल्यावर पठ्ठ्याने विदूषक, पोपट, नाकातून रक्त येणारा नोकर, जर्मन वेशातले शिपाई, सगळ्यांनाच चित्रात घेतलं. जर्मनच का खटकले, तर जर्मनी हा लूथरचा, पाखंड्यांचा मुलूख. पुढे एक कुत्राही होता. त्याच्या जागी मॅग्डालीन काढ, असं त्याला आधीच सांगून झालं होतं.

या जबाबाची नोंद आजही वाचायला मिळते. कवी आणि वेडे घेतात तेवढी मोकळीक आम्ही चित्रकारही घेतो, असं तो म्हणाला. मला तरी हे भाबडेपण वाटत नाही, बेरकीपणा वाटतो.

हुकूम झाला: तीन महिन्यांत स्वखर्चाने चित्र सुधारा. त्याने काय केलं, तर चित्रावर लूकच्या शुभवर्तमानातल्या ५व्या अध्यायाचा हवाला लिहिला. तिथे लेवी नावाचा जकातदार येशूला मेजवानी देतो आणि पंगतीला जकातदारांचीच गर्दी असते. झालं, चित्राचं नाव 'लेवीच्या घरची मेजवानी'! आज ते व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयात आहे, कुत्र्यासकट.