लैंगिक अत्याचारपीडितांचे समुपदेशन, सोलापूर जिल्ह्यातील

लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीस मानसिक आधार देण्याचे कार्य व ते करणाऱ्यांच्या मनावर होणारा त्याचा परिणाम. या कार्याची पूर्वपीठिका सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर येथे आढळते. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय विधवांना पुनर्विवाह निषिद्ध मानला जाई. घरातल्याच पुरुषाची बळजबरी वा फसवणूक यांतून गर्भ राहिल्यास लोकापवादाच्या भयाने अर्भकाचा जीव घेतला जाई आणि शिक्षा मात्र त्या स्त्रीलाच होई. अशा विधवांसाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. पंढरपूर हे तीर्थक्षेत्र असल्याने यात्रेच्या निमित्ताने तेथे येऊन गुप्तपणे प्रसूत होणे विधवांना शक्य होई. तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये तेथेही असे गृह सुरू झाले व पुढे ते प्रार्थना समाजाने चालविले. त्याचा भर अर्भकाचे प्राण वाचविण्यावर होता. मातेच्या मनावरील आघाताला त्या काळी नावही नव्हते.

ते नाव १९७४ मध्ये मिळाले. ॲन बर्जेस व लिंडा होमस्ट्रॉम यांनी अमेरिकेत बॉस्टन येथील रुग्णालयात आलेल्या स्त्रियांच्या अभ्यासावरून ‘बलात्कार-आघात लक्षणसमूह’ ही संकल्पना मांडली. महाराष्ट्रात याच सुमारास प्रश्न न्यायालयापुढे होता. देसाईगंज (तत्कालीन चंद्रपूर जिल्हा) येथील पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लतिका सरकार व रघुनाथ केळकर या विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा दुरुस्त झाला. पीडितेचे ऐकून घेण्याची व्यवस्था मात्र रुग्णालयांच्या वाटेने आणि बरीच उशिरा आली. वांद्रे येथील भाभा रुग्णालयात २००० मध्ये महानगरपालिका व ‘सेहत’ ही संस्था यांनी, हिंसाचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी, ‘दिलासा’ केंद्र स्थापन केले. राज्य शासनाची ‘मनोधैर्य’ योजना (२०१३), वैद्यकीय तपासणीविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना (२०१४) व जिल्हावार ‘सखी’ केंद्रांची योजना (२०१५) यांनी समुपदेशनाला शासकीय स्थान दिले.

सोलापुरात या कामाला एक वेगळी अडचण आहे. गिरण्या, यंत्रमाग व विडी-उद्योग यांमुळे वाढलेल्या या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू बोलली जाते. समुपदेशकास पीडितेची भाषा येत नसल्यास दुभाषी लागतो आणि त्यास तीच हकिकत ‘मी’ म्हणून उच्चारावी लागते. समुपदेशक निदान प्रश्न विचारू शकतो. दुभाष्याला तेवढेही अंतर राखता येत नाही.

ऐकणाऱ्याच्या या आघाताला लीसा मकॅन व लॉरी पर्लमन यांनी १९९० मध्ये शास्त्रीय संज्ञा दिली. मराठीत त्यास ‘परानुभूत आघात’ म्हणता येईल. कामाच्या अतिश्रमाने येणाऱ्या थकव्याहून तो निराळा होय. थकवा विश्रांतीने उतरू शकतो. या आघातात मात्र सुरक्षितता, विश्वास व जवळीक यांविषयीच्या मूळ धारणाच बदलतात. ऐकलेली दृश्ये स्वप्नात येतात, स्वतःच्या मुलीला बाहेर पाठविण्याचीही धास्ती वाटू लागते. समुपदेशकाने पूर्वी स्वतः अत्याचार सोसला असल्यास धोका वाढतो काय, याविषयी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले.

उपाय म्हणून छंद, विश्रांती, आत्मसंगोपन यांची शिफारस सर्वत्र केली जाते. ती पुरेशी नाही. टेड बोबर व शेरिल रिगेर यांनी कॅनडातील आँटॅरिओ प्रांतातील २५९ समुपदेशकांची पाहणी केली (२००६). तीत अशा गोष्टींना दिलेला वेळ व आघाताची तीव्रता यांत संबंध आढळला नाही. आघातग्रस्तांबरोबर आठवड्यात किती तास काम होते, हाच निर्णायक घटक ठरला. म्हणजे प्रकरणे अनेकांत वाटून देणे हाच खरा उपाय. ज्या जिल्हा केंद्रात एकदोनच समुपदेशक असतात, तेथे वाटणी कोणात करावयाची, हा प्रश्न उरतो.