न्यूस्टेड ॲबी : उद्यानपरिसराचे संरक्षण

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील ऑगस्टिनियन पंथाचा हा मठ दुसऱ्या हेन्रीने बाराव्या शतकात स्थापिला. आठव्या हेन्रीच्या अमदानीत, १५३९ मध्ये, तो खालसा झाला आणि पुढील वर्षी सर जॉन बायरन याच्या मिळकतीत दाखल होऊन वाडेवजा निवासस्थान बनला. मठमंदिराची पश्चिमेकडील दर्शनी भिंत वाड्याला लागून अद्यापि उभी असून तिच्या रित्या, भव्य गवाक्षातून आकाश दिसते. भोवतालच्या वनराजीची खरी दुर्दशा केली ती पाचव्या लॉर्ड बायरनने : तळ्याकाठी लुटुपुटीचे किल्ले बांधून नाविक युद्धे खेळणाऱ्या या विक्षिप्त गृहस्थाने कर्जापायी ओकवृक्षांची सरसकट तोड करविली. त्याचा वारस कवी बायरन. त्याने आपल्या लाडक्या कुत्र्याचे स्मारक येथे उभारले, आणि १८१७ मध्ये मिळकत विकली. १९३१ मध्ये ती नॉटिंगहॅम नगरपालिकेकडे आली.

तळी, वृक्षराजी व वाड्याकडे जाणाऱ्या दृष्टिरेषा यांचे मोल वास्तूहून कमी नव्हे. ऐतिहासिक उद्यानांच्या राष्ट्रीय नोंदवहीत हा परिसर समाविष्ट आहे खरा. परंतु त्या नोंदीने निराळा परवाना घेण्याचे बंधन येत नाही, बांधकामाच्या अर्जाचा निवाडा करताना नियोजन अधिकाऱ्यांनी ती विचारात घ्यावी, एवढाच तिचा अंमल, आणि तो काहीसा तोकडाच म्हटला पाहिजे.