पहिला कॅमेरा घेताना : सगळा पैसा बॉडीत घालू नका, लेन्स आणि उजेडासाठी राखून ठेवा

पांढुर्णा : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर, पांढुर्ण्याकडून आणि सावरगावकडून, मोबाइलच मोबाइल वर झालेले दिसतात. गोटमारीचे फोटो मात्र बहुतेकांचे सारखेच निघतात. पात्रात मुंग्यांएवढी माणसं आणि मधोमध पुसटसं पळसाचं झाड. मग घरात विषय निघतो, पोराला चांगला कॅमेरा घेऊन द्यायचा. पुढे तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागते, त्यातून चार पैसे सुटतील हाही हिशेब असतो. पैसा संत्र्याचा नाहीतर कपाशीचा, त्यामुळे खरेदी चुकली की ती वर्षभर बोचते.

आधी काम ठरवा

कोणता कॅमेरा चांगला, हा प्रश्न नंतरचा. कशाचे फोटो काढायचे, ते आधी ठरले पाहिजे.

गोटमार, पोळा, जत्रा : इथे अडचण अंतराची असते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स लांबचे जवळ आणत नाही. ५५-२५० मिमीची लेन्स लागते. कॅननच्या साध्या कॅमेऱ्यांत सेन्सर लहान, म्हणजे एपीएस-सी असतो. त्यामुळे २५० मिमीचा आवाका जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या ४०० मिमीएवढा होतो. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवले तरच उडता गोटा फोटोत थांबतो. या मेळ्यात दरवर्षी शेकडो जखमी होतात. लेन्स लांबची घ्यायची ती गच्चीवरून फोटो काढता यावा म्हणून. पात्रात उतरायचे असेल तर कोणताच कॅमेरा कामाचा नाही.

लग्न, हळद, वरात : इथे अडचण उजेडाची. किट लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमी एफ १.८ लेन्स त्यापेक्षा नऊ-दहा पट जास्त उजेड आत घेते. मांडवातला फोटो साफ येतो तो अशा लेन्समुळे किंवा फ्लॅशमुळे. मात्र ५० मिमीत मोठा ग्रुप मावत नाही, त्यासाठी किट लेन्स आणि फ्लॅश हीच जोडी.

बाग, पीक, व्हॉट्सॲपवरची विक्री : दिवसाच्या उजेडात बरा मोबाइल पुरतो. एवढ्यासाठी कॅमेरा घेऊ नये.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका

२४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. तो ३०० डीपीआयवर २० बाय १३ इंच छापता येतो. अल्बमला एवढे पुष्कळ झाले.

कोणते मॉडेल?

*कॅनन १५००डी* (२०१८) : २४.१ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, शिकायला सोपा. एका चार्जिंगवर सुमारे ५०० फोटो. वापरलेला माल आणि लेन्स सहज मिळतात.

*निकॉन डी३५००* (२०१८) : बंद झाला, आता सेकंडहँडच बघावा लागतो. बॅटरी दणकट, सुमारे १,५५० फोटो. पण बॉडीत फोकसची मोटर नाही. एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्सच घ्या, जुन्या लेन्सवर ऑटोफोकस चालणार नाही.

*कॅनन आर१००* (२०२३) : हलका मिररलेस. स्क्रीन टच नाही, वळतही नाही. जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून चालतात, त्याचा खर्च वेगळा धरा.

*निकॉन झेड३०* (२०२२) : व्हिडिओसाठी चांगला. व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे भर उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही.

कॅनन-निकॉनने २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. दहा वर्षे धंदा करायचा असेल तर मिररलेस बरा. हात बसेपर्यंत शिकायचे असेल तर वापरलेला डीएसएलआर स्वस्तात पडतो.

लग्नाचे काम करणाऱ्यांनी फ्लॅश लावायची जागाही बघून घ्यावी. तिच्या मधोमध गोल पिन आहे का? कॅननच्या २००डी मार्क २ मध्ये ती नाही, म्हणून साधे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर चालत नाहीत.

पैशाचा हिशेब

हातात ५० हजार असतील तर बॉडी आणि किट लेन्सवर साधारण निम्मेच घाला. १० ते १२ हजार दुसऱ्या लेन्सला. उरलेल्यात फ्लॅश, जादा बॅटरी, दोन मेमरी कार्ड आणि बॅग. निम्म्यात नवा कॅमेरा बसत नसेल तर वापरलेला घ्या, पण लेन्सचे पैसे बॉडीत ओतू नका.

कमाईचेही गणित मांडून बघा. एका लग्नामागे खर्च जाऊन २ हजार उरले, तर ५० हजार फिटायला २५ लग्नं लागतात. ‘नो-कॉस्ट’ ईएमआयमध्ये व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा ग्राहकाकडूनच जाते.

वापरलेला घेताना

- शटर किती वेळा पडले ते विचारा. साध्या डीएसएलआरचे शटर साधारण १ लाख क्लिकचे धरतात. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या माहितीत सापडतो. कॅननमध्ये बहुधा सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटर लागते.
- लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या.
- एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ.
- बॉडीवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच हवा. बिल नसेल तर माल चोरीचाही असू शकतो.

नागपुरातून घेतला तर?

पांढुर्णा इटारसी-नागपूर रेल्वेमार्गावर, सौंसर छिंदवाडा-नागपूर मार्गावर. त्यामुळे खरेदीला नागपूरच जवळचे. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला. दर दोन्ही राज्यांत सारखाच, म्हणून ‘तुमच्या राज्यात टॅक्स जास्त’ हे कुणी सांगितले तर ऐकू नका. बिलाविना स्वस्त मिळणाऱ्या मालावर बरेचदा भारतातली वॉरंटीच नसते.

दुकान महाराष्ट्रात आणि घर मध्य प्रदेशात असले तरी तक्रारीसाठी नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. स्वतः राबून पोट भरण्यासाठी कॅमेरा घेतला असेल तर तोही ‘ग्राहक’च ठरतो. पण त्यासाठी पक्के बिल हातात हवे.

घेतल्यावर

पावसाळ्यात कॅमेरा बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते. वर सांगितलेल्या एकाही मॉडेलमध्ये दोन कार्डांची सोय नाही. लग्नाचे फोटो त्याच रात्री दुसरीकडे उतरवून घ्या. कार्ड गेले तर कॅमेरा पुन्हा घेता येतो, हळद पुन्हा लावता येत नाही.