दहा मुलांचे कलम

कायद्यातले वाक्य ज्यांच्यासाठी लिहिले जाते त्यांच्यापेक्षा भलत्यांच्याच उपयोगी पडते, हा अनुभव शासकीय कामकाज जवळून पाहिलेल्यांना नवा नाही. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या १८९७ सालच्या शिक्षणविषयक कायद्यात असे एक वाक्य होते. फ्रेंच भाषक कॅथलिकांचा शाळांसंबंधीचा तंटा मिटवण्यासाठी पंतप्रधान लॉरिए आणि प्रांताचे मुख्यमंत्री ग्रीनवे यांच्यात तडजोड झाली, आणि ज्या शाळेत दहा मुलांची मातृभाषा फ्रेंच, 'किंवा इंग्रजीखेरीज अन्य कोणतीही भाषा' असेल, तेथे त्या भाषेतून आणि इंग्रजीतून असे द्विभाषिक शिक्षण द्यावे, असे कलम त्यात आले. लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर फ्रेंच होती, फार तर मेनोनाइट पंथीयांची जर्मन. युक्रेनी भाषेचा विचार कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते.

नेबिलिव या गॅलिशियातील खेड्यातून इवान पिलिपिव आणि वासिल एलेनियाक हे दोन शेतकरी १८९१ साली कॅनडात पोहोचले होते, एवढीच तोवरची सुरुवात. पुढे १८९५ साली डॉ. ओसिप ओलेस्किव यांनी 'मोकळ्या जमिनींविषयी' पुस्तिका लिहिली आणि ओघ लागला. दहा डॉलरांत १६० एकर जमीन! ज्यांच्या वाट्याला वडिलोपार्जित एक-दोन एकरांचे तुकडे येत होते त्यांना हा आकडा काय वाटला असेल, याची कल्पना करता येते. १९१४ पर्यंत सुमारे १ लाख ७० हजार युक्रेनी माणसे कॅनडात आली. त्यांतील बहुतेक ऑस्ट्रियाच्या राज्यातल्या गॅलिशिया व बुकोविना या प्रांतांतली होती, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. रशियन साम्राज्यातील युक्रेनमध्ये १८६३ च्या परिपत्रकाने आणि १८७६ च्या एम्सच्या फर्मानाने युक्रेनी पुस्तके छापण्यावर बंदी आली होती. ऑस्ट्रियाच्या बाजूला मात्र शाळा होत्या, आणि ल्विव येथे १८६८ साली स्थापन झालेल्या 'प्रोस्विता' या संस्थेची वाचनालये खेडोपाडी पोहोचली होती. स्थलांतरित मंडळी गरीब होती, पुष्कळशी निरक्षरही. पण गावात वाचनालय असावे ही कल्पना त्यांनी बरोबर आणली. प्रेअरीवर चर्चच्या पाठोपाठ 'नारोद्नी दिम', म्हणजे लोकगृह, उभे राहिले, ते याच कल्पनेतून.

दहा हा आकडा आपल्याकडील वाचकांस ओळखीचा वाटेल. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने असे ठरवले की वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले अन्यभाषक असतील तर त्यांना मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी. पुढे १९५६ साली राज्यघटनेत ३५०-क हा अनुच्छेद आला. बेळगावात, हैदराबादेत, इंदुरात मराठी माणसांनी या आकड्यांच्या आधाराने किती अर्ज केले असतील, याची गणती नाही. मॅनिटोबाच्या कलमाशी आपल्या कलमाचा संबंध आहे असे आम्ही सुचवत नाही. पण अडचण मात्र दोन्हीकडे एकच आहे: मुले दहा भरतात, शिक्षक कोठून आणायचा?

मॅनिटोबा सरकारने त्याचे उत्तर १९०५ साली दिले. विनिपेगला युक्रेनी तरुणांसाठी (त्या काळी त्यांना 'रुथेनियन' म्हणत) अध्यापक विद्यालय निघाले. नंतर ते ब्रँडनला हलवण्यात आले. युक्रेनी-इंग्रजी वाचनमाला तयार झाल्या. कलम, शिक्षक आणि पुस्तक या तिन्ही गोष्टी जुळल्या, आणि शंभराहून अधिक युक्रेनी द्विभाषिक शाळा प्रांतात उभ्या राहिल्या. केवळ भाषाप्रेमाच्या भाषणांवर दहा वर्षांत हे झाले नसते, असे आम्हांस वाटते.

शेजारच्या अल्बर्टा प्रांतात असे कलम नव्हते. तेथे युक्रेनी वस्तीतल्या विश्वस्तांनी आपल्या अधिकारात युक्रेनी शिक्षक नेमले होते. १९१३ साली सरकारने 'पात्रता नाही' म्हणून त्यांना काढून टाकले. बुकोविना नावाच्या शाळा-क्षेत्रात पालकांनी सरकारी शाळेला पाठ फिरवून शेजारीच स्वतःची शाळा बांधली आणि काढून टाकलेले शिक्षक वासिल चुमेर यांनाच तेथे बसवले. प्रकरण हातघाईवर आणि कोर्टकचेरीवर गेले, आणि पालक हरले. चुमेर यांनी १९४२ साली पहिल्या वसाहतकारांच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. ते आज इतिहासकारांचे साधन आहे.

मग महायुद्ध आले. ऑस्ट्रियाचे कागद बाळगणारे हे शेतकरी एका रात्रीत 'शत्रुराष्ट्राचे परके' ठरले. ८० हजारांवर लोकांना नोंदणी करून हजेरी द्यावी लागली. छावण्यांत डांबलेल्या साडेआठ हजारांत बहुसंख्य युक्रेनी होते. त्या हवेत १९१६ साली मॅनिटोबाने द्विभाषिक शाळांचे कलमच रद्द केले. सस्कॅचेवाननेही लवकरच तोच मार्ग धरला. एका वाक्याने उघडलेले दार दुसऱ्या वाक्याने बंद झाले. शाळांच्या इमारती होत्या तेथेच राहिल्या. मैदानावरही इंग्रजीच बोलली पाहिजे अशी सक्ती तीत आली.

त्यानंतरची पन्नास-पंचावन्न वर्षे स्वतःच्या खर्चाची आहेत. शनिवारी किंवा संध्याकाळी, लोकगृहात नाहीतर चर्चच्या तळघरात भरणारी 'रिद्ना श्कोला', म्हणजे आपली शाळा, हा तिचा एक भाग. आठवडाभर इंग्रजीत शिकून आलेल्या मुलाने शनिवारची सकाळ व्याकरणात घालवायची! मुले कुरकुरत असणारच. आमच्या मते अधिक परिणामकारक ठरली ती 'बुर्सा', म्हणजे विद्यार्थी-वसतिगृहे. सस्कटूनचे पेट्रो मोहिला वसतिगृह १९१६ चे, म्हणजे दार बंद झाले त्याच वर्षीचे. खेड्यातला मुलगा तेथे राहून शहराच्या शाळा-कॉलेजात इंग्रजीत शिके, आणि संध्याकाळी युक्रेनी भाषा, इतिहास, गाणी शिके. त्यातून वकील, शिक्षक, लोकप्रतिनिधी निघाले. हे वसतिगृह कोणाच्या ताब्यात असावे, बिशपच्या की समाजाच्या, यावरून असा वाद पेटला की १९१८ साली त्यातून कॅनडातील युक्रेनी ऑर्थोडॉक्स चर्च वेगळे निघाले. वसतिगृहाच्या भांडणातून एक धर्मपीठ निर्माण व्हावे, हे आपल्या संस्थांच्या वार्षिक सभा पाहिलेल्यांना अगदीच अविश्वसनीय वाटू नये.

इकडे मायदेशी काय चालले होते? सोव्हिएत युक्रेनमध्ये १९२० च्या दशकात भाषेला बरे दिवस आले. खार्किवमध्ये शुद्धलेखनाचे नियम ठरले व १९२८-२९ मध्ये मान्य झाले. त्यांत 'ग' या ध्वनीसाठी वेगळे अक्षर होते. युक्रेनी लिपीतल्या नेहमीच्या अक्षराचा उच्चार 'ह'कडे झुकतो, म्हणून ते आवश्यक. १९३३ साली हे अक्षर वर्णमालेतून काढण्यात आले, युक्रेनी लेखन रशियनच्या जवळ नेण्याच्या धोरणाचा भाग म्हणून. नियमांचे प्रवर्तक मंत्री मिकोला स्क्रिप्निक यांनी त्याच वर्षी जुलैत आत्महत्या केली. हा दुष्काळाचाही काळ. लक्षावधी शेतकरी त्यात मेले. कॅनडातल्या छापखान्यांनी ते अक्षर टाकले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी-ऑस्ट्रियातील निर्वासित छावण्यांमधून सुमारे ३५ हजार युक्रेनी कॅनडात आले. त्यांत शिक्षक, संपादक, प्राध्यापक होते. त्यांनी जुने शुद्धलेखन कटाक्षाने पाळले. आपल्या 'ळ'चे महत्त्व ज्यांना ठाऊक आहे त्यांना एका अक्षरासाठीचा हा हट्ट वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

१९६३ साली कॅनडाने इंग्रजी-फ्रेंच प्रश्नासाठी आयोग नेमला. सभासदांत विनिपेगचे भाषाशास्त्रज्ञ यारोस्लाव रुद्निट्स्की होते. देश दोनच संस्कृतींचा कसा, असा प्रश्न सिनेटर पॉल युझिक यांनी मार्च १९६४ मधील आपल्या पहिल्याच भाषणात केला. बहुसंस्कृतित्वाचे धोरण पंतप्रधान त्रुदो यांनी ८ ऑक्टोबर १९७१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी ते विनिपेगला युक्रेनी काँग्रेसच्या व्यासपीठावर होते. परंतु शिक्षण हा प्रांतांचा विषय. खरा बदल अल्बर्टाने त्याच वर्षी शाळा-कायद्यात केलेल्या दुरुस्तीने झाला: इंग्रजी-फ्रेंचखेरीज अन्य भाषेतूनही शिकवता 'येईल'. 'येईल' एवढेच; 'दिले पाहिजे' नव्हे. बाकीचे पाठपुराव्याने घडले. एडमंटनमधील वकील, व्यावसायिक आणि मनोली लुपुल यांच्यासारखे प्राध्यापक मंत्र्यांच्या दारी बसले, आणि सप्टेंबर १९७४ मध्ये सरकारी शाळांत युक्रेनी-इंग्रजी वर्ग सुरू झाले. गणित-विज्ञान इंग्रजीत, भाषा, सामाजिक शास्त्रे, संगीत, चित्रकला युक्रेनीत. सस्कॅचेवान व मॅनिटोबा १९७९ साली त्यात आले. ज्या मॅनिटोबाने १९१६ मध्ये दार लावले होते, त्यानेच ते ६३ वर्षांनी उघडले.

उशीर मात्र झाला होता, हे नमूद केले पाहिजे. १९७१ च्या जनगणनेत युक्रेनी मातृभाषा सांगणारे सुमारे ३ लाख १० हजार होते. २०१६ मध्ये जेमतेम एक लाख. त्याच वर्षी आपले मूळ युक्रेनी असल्याचे सांगणारे साडेतेरा लाखांवर होते. द्विभाषिक वर्गांत बसणारी मुले बहुधा घरी इंग्रजीच बोलणारी. आजीची भाषा शाळेत परकी भाषा म्हणून शिकणारी. कार्यक्रम फसला असा याचा अर्थ कोणी काढील. आम्ही काढत नाही. १९१६ ते १९७४ या काळात दोन पिढ्या शाळेबाहेर गेल्या. तो खड्डा पहिलीच्या वर्गाने भरून निघण्याजोगा नव्हता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर पूर्ण आक्रमण केले आणि पुढील दोन वर्षांत जवळजवळ तीन लाख युक्रेनी माणसे तात्पुरत्या परवान्यावर कॅनडात आली. प्रेअरीवरील द्विभाषिक वर्गांत आता दोन प्रकारची मुले शेजारी बसू लागली. एकाच्या पणजोबांच्या बोलीत ट्रक म्हणजे 'त्रोक' आणि दुकान म्हणजे 'श्तोर', म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या गॅलिशियात इंग्रजी कालवलेले. दुसरा कीव्हचा किंवा खार्किवचा. त्यांतल्या कित्येकांच्या घरी रशियन चाले. १९९० साली युक्रेनने ते काढून टाकलेले अक्षर वर्णमालेत परत घेतले होते, आणि २०१९ च्या नव्या नियमांत १९२८ च्या शुद्धलेखनातील आणखीही काही रूपांना जागा मिळाली. त्यामुळे नव्याने आलेल्या मुलांच्या बालभारतीत 'ग'चे ते अक्षर आहे. कॅनडातील जुन्या पुस्तकांत ते कधी गेलेच नव्हते.