अंगावरून जाणे, अंगावर काढणे

मासिक पाळीसाठी मराठीत शब्द कमी नाहीत. 'कावळा शिवला', 'बाहेरची झाली', 'अडचण': हे सारे स्त्रीने दूर राहायचे एवढेच सांगतात, रक्त किती गेले, ते नाही. ते सांगणारा प्रयोग बायकांच्या बोलण्यात राहिला: 'अंगावरून फार जाते.' आणि त्याच्या शेजारीच, दुखणे 'अंगावर काढणे'. ही जवळीक आम्हांला निव्वळ शाब्दिक वाटत नाही.

वैद्यकाकडे संज्ञा जुनीच होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 'असृग्दर' येतो: अतिप्रमाणात, लांबलेला वा अवेळी होणारा स्राव. अडत होते ते सांगण्यापाशी. हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टर हव्यात, हे आनंदीबाई जोशींनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूरच्या भाषणात मांडले, त्यामागे हाच संकोच होता.

विसाव्या शतकाने मोजमाप आणले. स्वीडनमधील गोटेनबर्गच्या १९६६ च्या अभ्यासातून एका पाळीला ८० मिलिलिटर ही मर्यादा रूढ झाली. (घरी मोजायचे कोणी, आणि कशात?) २००७ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शिकेने व्याख्याच फिरवली: स्त्रीच्या शारीरिक, मानसिक, सामाजिक जगण्यात जो अडथळा आणतो तो अतिस्राव. म्हणजे मिलिलिटरऐवजी तिचे सांगणे प्रमाण ठरले.

तेव्हा तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, सात दिवसांपलीकडे रक्त जाणे, सततचा थकवा, हे डॉक्टरांना सांगावे. हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गोळ्यांपासून अनेक उपचार आहेत, गर्भाशय काढणे हा पहिला नव्हे. चक्कर किंवा धाप लागली तर मात्र त्याच दिवशी जावे. आणि पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा डाग दिसला, तर तो एकच असला तरीही दाखवावे.