यवतमाळ जिल्ह्यातील माध्यमिक शाळा प्रवेश

यवतमाळ जिल्ह्यातील माध्यमिक शाळा प्रवेश हा प्राथमिक शाळेतून पुढील शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संक्रमणाचा विषय आहे. जिल्ह्यातील बहुसंख्य मुले कोणत्याही निवडीशिवाय जवळच्या जिल्हा परिषद, नगर परिषद किंवा खाजगी अनुदानित शाळेत जातात. काही निवासी शाळांमध्ये मात्र स्पर्धा परीक्षेद्वारे प्रवेश दिला जातो. मोफत निवासी शिक्षणाचे मार्ग मोजकेच असल्याने या परीक्षांना ग्रामीण भागात मोठे महत्त्व आहे.

रचनेतील बदल

महाराष्ट्रात पूर्वी पहिली ते चौथी प्राथमिक आणि पाचवी ते दहावी माध्यमिक शाळा अशी विभागणी रूढ होती. त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला गावातील शाळा सोडून मोठ्या गावी जावे लागे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पाचवी प्राथमिक, तर सहावी ते आठवी उच्च प्राथमिक स्तरात गणली जाऊ लागली. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार प्राथमिक शाळा १ किलोमीटर व उच्च प्राथमिक शाळा ३ किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात पाचवीचे वर्ग अनेक ठिकाणी माध्यमिक शाळांतच राहिले. ते प्राथमिक शाळांना जोडण्याचा निर्णय शासनाने २०२० मध्ये घेतला. अनुदानित माध्यमिक शाळांतील शिक्षक त्यामुळे अतिरिक्त ठरण्याचा प्रश्न होता आणि या सुधारणेला झालेला विरोध बराचसा त्यातूनच आला.

याच कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना बालकाची वा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला, तरी त्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू केली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी त्याच इयत्तेत ठेवला जातो. शाळेची निवड नसली, तरी वरच्या वर्गात जाण्याची अट अशा रीतीने परत आली.

नवोदय निवड परीक्षा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, १९८६ मधून नवोदय विद्यालयांची योजना आकारास आली. तिच्या पहिल्या दोन प्रायोगिक शाळांपैकी एक शेजारच्या अमरावती जिल्ह्यात होती. यवतमाळ जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय घाटंजी तालुक्यातील बेलोरा येथे आहे. सहावीत जास्तीत जास्त ८० विद्यार्थी घेतले जातात. जिल्ह्यात १६ तालुके असल्याने तालुक्यामागे सरासरी पाचच जागा येतात.

परीक्षा दोन तासांची व १०० गुणांची असते. बुद्धिमत्ता चाचणीस ५० आणि अंकगणित व भाषा यांना प्रत्येकी २५ गुण असतात. पाचवीत शिकणाऱ्या मुलाला ती एकदाच देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असून त्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ग्रामीण शाळेत पूर्ण करावी लागते. एकतृतीयांश जागा मुलींच्या असतात.

अनुसूचित जाती व जमातींचे आरक्षण जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात असते, मात्र ते अनुक्रमे १५ व ७.५ टक्क्यांहून कमी करता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळमध्ये अनुसूचित जमाती सुमारे १८.५ टक्के, तर अनुसूचित जाती १२ टक्क्यांच्या आसपास होत्या. त्यामुळे येथे जमातींना जिल्ह्याचे प्रमाण लाभदायक ठरते व जातींना राष्ट्रीय किमान मर्यादा.

इतर निवासी शाळा

केळापूर येथे शासकीय विद्यानिकेतन आहे. विद्यानिकेतनांच्या प्रवेशाचा संबंध पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत होणाऱ्या शिष्यवृत्ती परीक्षांशी राहिला आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या एकलव्य निवासी शाळांतही सहावीचा प्रवेश परीक्षेनेच होतो. पांढरकवडा व पुसद येथील प्रकल्प कार्यालयांच्या अखत्यारीतील आश्रमशाळांत मात्र अशी चाळणी नसते.

भाषा आणि समान संधी

जिल्ह्यातील कोलाम ही विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणली जाणारी जमात आहे. कोलामांच्या पोडांवर कोलामी आणि बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. नवोदय परीक्षा मराठीतून देता येते, परंतु या दोन्ही भाषांतून देता येत नाही. त्यामुळे भाषेच्या २५ गुणांसाठी मराठी ही घरची भाषा असलेले मूल आणि ती शाळेतच शिकलेले मूल एकाच कसोटीवर उतरतात. अनुसूचित जमातींच्या राखीव जागांतही कोलामांसाठी स्वतंत्र वाटा नाही, त्यांना गोंड, आंध, परधान आदी मोठ्या समाजांतील मुलांशीच स्पर्धा करावी लागते. खाजगी शिकवणीचा खर्च परवडणारी कुटुंबे येथेही पुढे राहतात, हा आक्षेप निवड परीक्षांवर सर्वत्रच घेतला जातो.

शिष्यवृत्ती परीक्षेची इयत्ता

चौथी व सातवीत होणारी शिष्यवृत्ती परीक्षा नव्या स्तररचनेशी जुळवण्यासाठी २०१६-१७ पासून पाचवी व आठवीला नेण्यात आली होती. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीत घेण्याचा निर्णय घेतला.